निम्मे

गंगापूर धरणाच्या काठावरून भरलेली बाटली
बसमध्ये मांडीवर धरून बसले होते,
शेजारच्या मावशी म्हणाल्या, तीर्थ का गं?
हो म्हटलं. लांबण नको.

त्या पाण्यात ती होती.
एकच पेशी, हिरवी, कापलेल्या नखासारखी वाकडी.
तिला बाकीच्यांतून वेगळी काढायला पावसाळा गेला.
मग फ्लास्क, कापसाचं बूच, ट्यूबलाइटखाली
सोळा तासांचा दिवस, आठ तासांची रात्र.
एकीच्या दोन झाल्या, दोनींच्या चार,
आणि एका सोमवारी काच आतून हिरवी दिसली
तेव्हा मी उगाचच रूममधले सगळे पंखे बंद केले.

मग मी तिच्या पाण्यात तांबं घातलं.

आमच्या आळीतलं नव्हे, लाल, ठोक्याठोक्याने उजळणारं.
हे काजळीसारखं, पुडीतलं, कॉपर ऑक्साइड,
कण इतका बारीक की बारीक हा शब्द त्याला मोठा होतो.
फवारणीत असतं म्हणे, बोटीच्या रंगात,
वास न येणाऱ्या मोज्यांतसुद्धा.
मोजे धुतात. पाणी उतारानेच जातं.

पहिल्या दिवशी काहीच नाही.
दुसऱ्या दिवशी कण तिला चिकटले,
भाकरीला राख चिकटावी तसे, आणि उजेड अडला.
तिसऱ्या दिवशी कणांतून तांबं सुटलं, पेशीत शिरलं.
तिथे काय झालं ते मला ग्राफमधूनच माहीत:
हिरवं उतरत गेलं, कातडं फाटलं,
श्वासानेच तिला आतून पोळलं.

मायक्रोस्कोपखाली चौकटी असतात. मी मोजते.
जिवंत, जिवंत, मेलेली, सांगता येत नाही, जिवंत.
हातातला काउंटर कटकट वाजतो.
घुगे मॅडमना हवा आहे तो डोस
ज्याला बरोबर अर्ध्या राहतात.
सगळ्या मेल्या तर आकडा निरुपयोगी,
सगळ्या जगल्या तरी.
अर्ध्या गेल्या की प्रबंध पूर्ण.

गुरुवारी तो सापडला.
नानांना सांगायचं म्हणजे ओरडूनच,
चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी कान नेलेत.
ओट्यावरून ओरडले, नाना, निम्मे मेले!
समोरच्या कासारांची सून हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली,
कोण? कोण गेलं?
तिला काय सांगणार. शेवाळ, म्हटलं.
ती हसली नाही. बराच वेळ तिथेच उभी राहिली.

नानांनी हंडा मांडीवरून खाली ठेवला.
पाणी आंबट होतं का?
थोडं.
मग सुटणारच. आंबटाला तांबं सुटतं,
ताक कळकतं, माणूस ओकतो,
म्हणून तर कल्हई.
एवढ्यासाठी तू तीन वर्षं कॉलेजात घातलीस?
आणि मग, मला वाटलं मला नाही, हंड्यालाच म्हणाले,
नदीला आतून कशी लावणार.

रोज सकाळी ते तांब्यातलं रात्रीचं पाणी पितात.
मीही पिते. चांगलं असतं.
आपल्या एका घोटात तिच्या किती पिढ्या मावतील
हा हिशेब मी एकदा कागदावर मांडला होता,
शून्यं कागदाबाहेर गेली.

एक फ्लास्क असतो शून्य नंबरचा.
त्यात काही घालायचं नसतं, फक्त वाढू द्यायचं,
बाकीच्यांचं मरण कशाशी तरी ताडून बघता यावं म्हणून.
तो सगळ्यांत हिरवा आहे.
झाकणावर माझ्याच अक्षरात: हे. तांबट, शून्य.
खिडकीतून उन्हाची तिरीप आली की पलीकडच्या भिंतीवर
हिरवी सावली हलते.

नियम असा आहे की प्रयोग संपला
की सगळे फ्लास्क उकळून टाकायचे, शून्यासकट.
मॅडम म्हणाल्या, शनिवारपर्यंत उरकून घे.

आज बुधवार.
मी पुन्हा मोजायला बसले आहे,
गरज नसताना, फक्त शून्याचा.